लॅब्राडोर राखण का करत नाही? फार्महाऊसवरच्या लाडक्या कुत्र्याची खरी ओळख

पनवेल : चित्र डोळ्यासमोर आणा. रात्रीचे दोन वाजलेत. फार्महाऊसच्या मागच्या कुंपणावरून कुणीतरी आत उतरतंय. राखणीला म्हणून आणलेला तीस किलोचा कुत्रा धावत येतो, त्या माणसाचे हात चाटतो आणि पोटावर खाजवून घ्यायला उताणा पडतो. सकाळी पंपाची मोटर गेलेली असते आणि शिव्या पडतात त्या कुत्र्याला.

तो कुत्रा म्हणजे लॅब्राडोर. गावात कुणी लॅब्रा म्हणतं, कुणी लॅब्रोडर. गेल्या पंधरा-वीस वर्षांत पनवेल तालुक्यात हा कुत्रा चांगलाच पसरला. जमिनींना भाव आला, नेरे, मालडुंगे, वावंजे, चिंचवण, आपटा या पट्ट्यात शहरवाल्यांची फार्महाऊस उभी राहिली, गावातही स्लॅबची घरं झाली. दारात गाडी आली आणि गाडीशेजारी लॅब्राडोर. दिसायला दणकट, आवाज भारदस्त, पोरांशी गोड. राखण पण होईल आणि शोभा पण, असा हिशेब. त्यातला पहिला अर्धा हिशेब चुकीचा आहे. कुत्रा बिघडलेला नसतो, तो नेमका जसा असायला हवा तसाच वागत असतो. का, ते कळायला त्याचं मूळ गाव बघावं लागेल.

कोळ्यांचा कुत्रा

नाव लॅब्राडोर असलं तरी हा कुत्रा मूळचा शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचा. कॅनडाच्या पूर्वेला, अटलांटिक समुद्रात हे बेट आहे. तिथे युरोपातून आलेले मच्छीमार कॉड नावाचा मासा पकडायचे. त्यांच्या होड्यांवर एक काळा, आखूड केसांचा, मध्यम उंचीचा कुत्रा असायचा. सेंट जॉन्स हे तिथलं मुख्य बंदर, त्यावरून त्याला सेंट जॉन्सचा कुत्रा म्हणत. गळातून सुटलेला मासा पाण्यात उडी मारून धरायचा, जाळ्याची दोरी तोंडात धरून काठाला आणायची, हे त्याचं काम. आपल्याकडे उरणच्या, करंजाच्या बंदरावर कुत्रे मासळीच्या टोपलीभोवती फिरतात, पण त्यांना कुणी कामाला लावलं नाही. तिथल्या कोळ्यांनी लावलं.

बर्फासारख्या पाण्यात दिवसभर उड्या मारायच्या म्हणून अंगावर दोन थरांचे केस. वरचा थर राठ, आतला दाट आणि तेलकट. पाणी कातडीपर्यंत पोचतच नाही. शेपटी बुडाशी जाड आणि टोकाला निमुळती, पाणमांजरासारखी, पोहताना सुकाणूचं काम करणारी. पायाच्या बोटांमध्ये पडदा. आजही पनवेलच्या बंगल्यात पंख्याखाली झोपलेल्या लॅब्राडोरच्या अंगावर हे सगळं सामान तसंच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मासळीच्या जहाजांबरोबर हे कुत्रे इंग्लंडमधल्या पूल बंदरात उतरू लागले. तिथल्या माल्म्सबरी घराण्याच्या उमरावाने ते पाळले. पुढे १८८० च्या दशकात याच घराण्याने स्कॉटलंडच्या बक्लू घराण्याच्या ड्यूकला काही कुत्रे दिले. त्यातले नेड आणि एव्हन हे दोघे आजच्या लॅब्राडोरचे पूर्वज मानले जातात. १९०३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबने ही जात अधिकृत केली, अमेरिकेत १९१७ साली नोंद झाली.

मूळच्या बेटावर मात्र हा कुत्रा टिकला नाही. तिथल्या सरकारला मेंढ्या वाढवायच्या होत्या. कुत्रे मेंढ्या मारतात म्हणून कुत्रे पाळण्यावर बंधनं आली, कर लागला. हळूहळू संख्या घटत गेली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट जॉन्सचा अस्सल कुत्रा संपला. ज्यांनी घडवला त्यांच्याकडे तो राहिला नाही, लाटसाहेबांकडे राहिला. जमिनीच्या बाबतीत असं होताना पनवेलकरांनी पाहिलेलं आहे.

स्पोर्टिंग म्हणजे शर्यतीचा नव्हे

पुस्तकात लॅब्राडोरला ‘स्पोर्टिंग’ गटातला कुत्रा म्हणतात. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीची सवय, त्यामुळे स्पोर्टिंग म्हटलं की पळण्याची शर्यत वाटते. तसं नाही. स्पोर्ट म्हणजे इंग्रज उमरावांची बंदुकीची शिकार. बदकं, तितर उडवायचे, बंदुकीने पाडायचे आणि पडलेला पक्षी कुत्र्याने शोधून आणायचा. आणणारा म्हणून रिट्रीव्हर. मारायचं काम बंदुकीचं, कुत्र्याचं फक्त आणायचं.

या एका कामातून लॅब्राडोरचा सगळा स्वभाव बनला. बंदुकीच्या आवाजाला तो घाबरून पळता कामा नये, म्हणून डोकं थंड. पक्षी पडला तरी मालक सांगेपर्यंत जागेवर बसून राहायचं, म्हणून माणसाच्या तोंडाकडे बघत राहायची सवय. पक्षी चिरडून आणला तर साहेबाच्या जेवणाचा सत्यानाश, म्हणून तोंड मऊ. चांगला लॅब्राडोर कोंबडीचं अंडं न फोडता तोंडात धरून आणू शकतो. आणि शिकारीला एक साहेब नसायचा, दहा पाहुणे असायचे, त्यांचे दहा कुत्रे असायचे. परक्या माणसावर भुंकणारा, परक्या कुत्र्याशी भांडणारा प्राणी तिथे चालला नसता. तसे कुत्रे बाजूला काढले, त्यांची पैदास केली नाही. शंभर-सव्वाशे वर्षं अशी निवड झाली. ज्याला परका माणूस म्हणजे पाहुणा वाटतो तोच मागे उरला.

आता त्यालाच आपण गेटवर बांधतो आणि सांगतो, परका आला की फाड.

राखणीचे कुत्रे वेगळ्या कामातून घडले. अल्सेशियन मेंढ्यांच्या कळपाभोवती फिरणारा, हद्द सांभाळणारा. डॉबरमन तर जर्मनीतल्या एका करवसुली करणाऱ्या डोबरमन नावाच्या माणसाने स्वतःच्या संरक्षणासाठी पैदा केला. वसुलीला जाताना लोक अंगावर येत असतील, दुसरं काय. ज्या कामासाठी जो घडला तो तेच करणार. खिल्लारी बैल दूध देत नाही म्हणून कुणी रागावत नाही.

काय काय लॅब्राडोर करतो? अनोळखी आवाज आला की भुंकतो, तेही सगळेच नाही. भुंकण्याने चोर सावध होतो हे खरं, पण त्यापुढे फार अपेक्षा ठेवू नये. राखणच हवी असेल तर शेतकऱ्याच्या अंगणात वाढलेला गावठी कुत्रा कुठल्याही परदेशी जातीला भारी आहे. त्याला आपल्या हवेची सवय, रोगाला चिवट, खायला कमी, झोप सावध. त्याला दारात कुणी गाडीशेजारी उभा करत नाही एवढंच.

आपल्या मातीतल्या शिकारी जातीचं नाव निघालं की कारवानी कुत्रा आठवतो. मराठवाड्याकडे कारवानी, कर्नाटकात मुधोळ. सडपातळ, लांब पायांचा, डोळ्याने सावज हेरून पळून धरणारा. २००५ साली टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं, आता लष्करातही घेतात. हा मात्र वासावर काम करणारा नाही आणि चिकटून राहणाराही नाही, आपल्या तोऱ्यात असतो. एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. जात कुठलीही असो, कुत्रे लावून ससा किंवा रानडुक्कर मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. कर्नाळा अभयारण्य जवळ असलेल्या गावांनी तर हे विसरूच नये.

जंजीरचं नाक

लॅब्राडोर राखण करत नाही म्हणजे तो निकामी असं कुणी समजू नये. रायगड आणि मुंबईच्या लोकांवर तर या जातीचे उपकार आहेत.

१९९३ च्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडी किनाऱ्यावर स्फोटकं उतरवली गेली. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. जेवढं फुटलं त्याहून कितीतरी जास्त अजून लपवलेलं होतं. ते शोधायच्या कामात मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला जंजीर नावाचा पिवळा लॅब्राडोर होता. वय जेमतेम सव्वा वर्ष, शिक्षण पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं शोधल्याची नोंद आहे. सव्वातीन टन आरडीएक्स म्हणजे काय हे ज्यांनी त्या दिवसांतली मुंबई पाहिली त्यांना सांगायला नको. जंजीर हाडाच्या कॅन्सरने आजारी पडला आणि नोव्हेंबर २००० मध्ये गेला. पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन पुरलं. ज्येष्ठ अधिकारी त्याच्या अंगावर फुलं वाहतानाचा फोटो अजूनही मोबाईलवर फिरतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातही मुंबई पोलिसांचे मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे लॅब्राडोर कामाला होते. चौघेही निवृत्तीनंतर विरारच्या एका फार्महाऊसवर एकत्र राहिले आणि २०१६ या एकाच वर्षात गेले. शेवटचा सीझर होता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा भारताच्या एनडीआरएफने आपले कुत्रे नेले. त्यातल्या रोमिओ आणि ज्युली या लॅब्राडोरनी ढिगाऱ्याखाली सहा वर्षांची मुलगी जिवंत असल्याचा माग दिला. त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नाही, वर पाऊस आणि धुकं. जेसीबी नेता येत नव्हता, तेव्हा एनडीआरएफच्या जवानांबरोबर वास काढणारे कुत्रेही पायवाटेने डोंगर चढले होते. चिखलाखाली माणूस कुठे आहे हे सांगायला कुत्र्याच्या नाकाइतकं कामाचं दुसरं काही अजून निघालेलं नाही.

आता गंमत बघा. पोलीस आणि एनडीआरएफ लॅब्राडोर का घेतात? ज्या गुणामुळे तो गेटवर नापास होतो त्याच गुणामुळे. स्टेशनवर हजार परक्या माणसांत फिरायचं, कुणाला चावायचं नाही, ढिगाऱ्यातून निघालेल्या घाबरलेल्या पोराच्या अंगावर भुंकायचं नाही, आवाजाने बिचकायचं नाही आणि सांगणाऱ्याचा शब्द मोडायचा नाही. दुसरं कारण म्हणजे त्याची भूक. खाऊच्या एका तुकड्यासाठी लॅब्राडोर शंभर वेळा तेच काम आनंदाने करतो, म्हणून शिकवायला सोपा.

भुकेचं कारण रक्तात

‘आमचा लॅब्रा कितीही खातो, पोट भरतच नाही’ हे वाक्य लॅब्राडोर पाळणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतं. मालकाला वाटतं बिचारा भुकेला आहे. त्याचं उत्तर २०१६ साली इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी शोधलं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणाऱ्या एका जनुकाचा तुकडा बऱ्याच लॅब्राडोरमध्ये गळालेला असतो. त्यांनी तपासलेल्या लॅब्राडोरपैकी जवळजवळ चौथा हिस्सा असा निघाला. आंधळ्यांना मदत करणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्यांत तर चारातले तीन. म्हणजे खादाड निघाला तोच हुशार ठरला. २०२४ मध्ये त्याच मंडळींनी पुढचं दाखवलं, अशा कुत्र्याचं शरीर आरामात असताना ऊर्जाही सुमारे २५ टक्के कमी खर्च करतं. खातो जास्त आणि जिरवतो कमी.

म्हणून त्याच्या तोंडाकडे बघून वाढायचं नाही. नराचं वजन साधारण २९ ते ३६ किलो, मादीचं २५ ते ३२ किलो असावं. पनवेलमध्ये चाळीस-पंचेचाळीस किलोचे लॅब्राडोर कौतुकाने दाखवले जातात. ‘डबल बोन’ आहे म्हणतात. हा शब्द विकणाऱ्यांनी काढलेला आहे. हाडं कुणालाच डबल नसतात, वर असते ती बहुतेक चरबी. वरून बघितल्यावर कंबर दिसली पाहिजे आणि बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या बोटांना लागल्या पाहिजेत. एवढी तपासणी शाळकरी पोरगाही करू शकतो.

याचा फरक किती पडतो? अमेरिकेत ४८ लॅब्राडोर पिल्लांवर एक प्रयोग पिल्लूपणापासून मरेपर्यंत चालवला. एकाच वेताची पिल्लं दोन गटांत वाटली. एका गटाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारा गट सरासरी १३ वर्षं जगला, जास्त खाणारा ११ वर्षांच्या थोडं पुढे. सांधे पण कमी खाणाऱ्यांचे उशिरा बिघडले. या जातीत मागच्या पायाच्या खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार आधीच असतो, त्यावर वजन वाढलं की सहाव्या-सातव्या वर्षी कुत्रा उठताना कण्हायला लागतो.

इथल्या फार्महाऊसवरचा घोळ वेगळाच आहे. मालक शनिवार-रविवार येणार, बार्बेक्यू करणार आणि कुत्र्याला कोंबडीची हाडं, केक, बिर्याणी घालणार. सोमवार ते शुक्रवार राखणदाराचं कुटुंब सांभाळणार आणि आपल्या पातेल्यातला भात-आमटी घालणार. भात वाईट नाही, पण नुसता भात म्हणजे पोट मोठं आणि अंग रिकामं. सोबत अंडं, मासळी, कोंबडीचे तुकडे, भोपळा, गाजर असं काही पाहिजे. कांदा-लसूण, द्राक्षं-मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखं आहे. शिजवलेली हाडं फुटून आतड्यात टोचतात. राखणदाराला पगार देताना कुत्र्याच्या खाण्याचे पैसे वेगळे आणि वेळेवर द्यायला हवेत, पुष्कळ ठिकाणी ते त्याच्याच ताटातून जातं.

कोकणची हवा आणि दोन थरांचा कोट

बर्फाच्या पाण्यासाठी शिवलेला कोट घालून एप्रिल-मेमध्ये पनवेलला राहायचं, म्हणजे काय हाल होत असतील विचार करा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, ओलावा उडून जाईल तशी गरमी जाणार. आपल्याकडे हवेतच एवढी दमट की तो ओलावा उडत नाही. त्यामुळे नागपूरपेक्षा पारा कमी असला तरी इथला कुत्रा लवकर तापतो. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि रात्री फिरवायचं, दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत ठेवायचं नाही. धापा थांबत नाहीत, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक, पाय लडखडतात अशी लक्षणं दिसली की ताबडतोब सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि अंग गार करत करतच डॉक्टरकडे न्या. उशीर झाला तर जीव जातो. गरमी होते म्हणून अंगावरचे केस भादरणं मात्र चूक आहे, उलट कातडी उघडी पडून भाजते. रोज ब्रशने गळके केस काढायचे.

पावसाळा सुरू झाला की दुसरी पीडा. पाणी दिसलं की लॅब्राडोर उडी मारणारच, त्याच्या खापरपणजोबाचा तो धंदा. गाढेश्वरचं पाणी, ओढा, भातखाचर, काही सोडत नाही. पाणी चांगलं असेल तर पोहण्यासारखा व्यायाम नाही, वजन उतरतं आणि सांध्यावर भार येत नाही. पण पाणी बघून सोडा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोजा एमआयडीसीत चक्क निळे कुत्रे फिरताना दिसले होते. कारखान्याच्या रंगाचा तो प्रताप होता आणि प्रदूषण मंडळाला कारवाई करावी लागली होती. कासाडी नदीकाठच्या लोकांना ही गोष्ट नव्याने सांगायची गरज नाही.

भिजल्यावर कान पुसायला विसरू नका. लॅब्राडोरचे कान पडलेले, आत हवा जात नाही, दमट हवेत आत बुरशी धरते आणि वास मारायला लागतो. चॉकलेटी रंगाच्या लॅब्राडोरमध्ये कानाचे आणि कातडीचे आजार इतरांपेक्षा जास्त दिसले असं इंग्लंडमधल्या पाहणीत आढळलं. आयुष्यही कमी भरलं, १०.७ वर्षं, बाकी रंगांचं १२.१ वर्षं. रंग दुर्मिळ म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

गोचीड तर वर्षभर. गोचीड तापाने रक्त कमी होऊन धडधाकट कुत्रा पंधरा दिवसांत खलास होतो. खाणं सोडलेला लॅब्राडोर म्हणजे आजारी लॅब्राडोर, एवढं पक्कं ध्यानात ठेवावं. गोठ्यात फवारायचं औषध अंदाजाने कुत्र्याच्या अंगावर ओतू नका, मात्रा चुकली तर विषबाधा होते. उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टो कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही, म्हणून पावसाआधी त्याची लस हवी.

आणि साप. फुरसं, घोणस, मण्यार, नाग, चारही आपल्या शिवारात आहेत. गावठी कुत्रा लांबून भुंकतो. लॅब्राडोरला प्रत्येक गोष्ट नाकाने आणि तोंडाने तपासायची असते, त्यामुळे दंश थोबाडावर होतो. तोंड सुजलं तर मधमाशी असेल म्हणून वाट बघू नका. मांत्रिकाकडे नेऊन वेळ घालवण्यात तर अजिबात अर्थ नाही.

चावतच नाही?

‘लॅब्रा आहे, चावत नाही’ असं म्हणून लहान पोराला त्याच्या अंगावर बसवणारे लोक आहेत. शांत आहे म्हणून दगड नाही. जेवताना हात घातला, कान दुखत असताना ओढला, झोपेत पाय पडला तर कुठलाही कुत्रा चावू शकतो. दिवसभर साखळीला बांधलेला लॅब्राडोर तर चिडका होतोच. माणसासोबत काम करायला घडलेला प्राणी आहे, आठवडाभर रिकाम्या बंगल्यात बांधून ठेवला की तो झाडं उकरतो, पाईप चावतो, रात्रभर रडतो. त्याला रोज किमान तासभर चालणं आणि काहीतरी आणायचं काम पाहिजे. चेंडू फेका, नारळाची सोडणं फेका, दिवसाला पन्नास वेळा आणून देईल. वर्ष-दीड वर्षापर्यंत तो अंगाने मोठा आणि डोक्याने पोर असतो. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर उडी मारून पाडतो, तेव्हा ‘बस’ आणि ‘थांब’ पिल्लूपणीच शिकवलेलं बरं.

कुणालाही चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यायची, ती तिथे मोफत मिळते. घरचा कुत्रा, लस दिलेली आहे, म्हणून टाळू नये. हळद, चुना, मिरची काही लावू नये.

विकत घेण्याआधी

कुत्रा रस्त्यावर गाडीच्या डिकीतून किंवा व्हॉट्सअॅपवर फोटो बघून घेऊ नका. २०१७ च्या श्वान पैदास आणि विक्री नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि मादीकडून वर्षाला एकाहून जास्त वेत घेता येत नाही. नोंदणीचा कागद मागा. पिल्लाची आई दाखवा म्हणा. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर परत फिरा. आई बुजरी किंवा चिडकी असेल तर पिल्लंही तशी निघायची शक्यता जास्त. एक सोपी खूण : दोन्ही पिवळ्या आईबापांपासून काळं पिल्लू होत नाही. विकणारा तसं सांगत असेल तर बाप दुसराच आहे.

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो वगैरेच्या लसी सुरू होतात, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यात आणि मग दरवर्षी. लसी पुऱ्या होईपर्यंत भटक्या कुत्र्यांच्या जागेत पिल्लू सोडायचं नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गुरांची गर्दी असली तरी कुत्र्यालाही बघतात. मोठं काही असेल तर परळला बैलघोड्याच्या हॉस्पिटलात न्यावं लागतं, तो खर्च आणि दिवस धरूनच कुत्रा घ्यावा.

कारण पुढे काय होतं हे हायवेच्या कडेला दिसतं. गळ्यात पट्टा, अंगाला खरूज, येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे धावणारा लॅब्राडोर. राखण करत नाही, खातो फार, म्हातारा झाला, म्हणून सोडलेला. गावठी कुत्रे त्याला हद्दीत टिकू देत नाहीत आणि तो भांडू शकत नाही. प्राण्याला उपाशी मरेल असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज पनवेलला दोन वडापाव येतात, मग कायद्याचा धाक कुणाला वाटणार?

असा सोडलेला कुत्रा सापडला तर आधी पाणी द्या, खाणं थोडं थोडं द्या, दवाखान्यात गोचीड तापाची तपासणी करून घ्या. पाच-सहा वर्षांचा लॅब्राडोर नव्या घरात महिन्याभरात रुळतो, पिल्लासारखी मोडतोड करत नाही. पोरं असलेल्या घराला तो चांगलाच. फक्त गेटची कडी आपणच लावायची.